चार बोटं आत

नागदेवीच्या दुकानात सगळ्यांचा एकच प्रश्न:
छपरावर टाकायचंय? गॅलरीवर? गाडीवर?
मी म्हणते, खाली.
मुर्तझाभाई चष्मा कपाळावर ढकलतात.
खाली म्हणजे, बेन?
खाली म्हणजे तंबूच्या. पाठीच्या. रात्रीच्या.
या शहरात प्लास्टिक डोक्यावरच असतं,
एप्रिलपासून निळं निळं वाराने विकलं जातं,
जमिनीसाठी कुणी मागत नाही.

आता माझा हिशेब तोळामाशाचा.
गुडघा शिवून डॉक्टर म्हणाले, पाठीवर सहा किलो,
वर एक चमचासुद्धा नाही.
अकरा वर्षं आमच्या तंबूला भागाकार होता:
कापड माझ्याकडे, काठ्या-खुंट्या प्रमिलाकडे,
आणि खालची ताडपत्री एक दिवस तिची, एक दिवस माझी,
भांडण झालं की दोन्ही दिवस माझी.
प्रमिला आता बाणेरला, नातवाच्या दुपट्यांत.
तंबू तोच. भाजक एक.

म्हणून ओट्यावर केकचा काटा, आणि त्यावर एकेक घडी.
ताडपत्री: सहाशे वीस.
वाढदिवसाच्या फलकाचं फ्लेक्स, भाजीवाल्यानं दिलेलं,
कुणा भावी नगरसेवकाचा अर्धा गाल आणि जोडलेले हात: नऊशे दहा.
झोपलेही असते त्या हातांवर,
पण माणूस फारच वजनदार.
छत्रीचं कापड, दोनशे पाच.
नव्या इमारतींना गुंडाळतात ते पांढरं, एकशे ऐंशी,
कूस बदलली की फरसाणाची पुडी उघडल्यासारखं.
आणि खिडकीच्या काचेला लावायची फिल्म,
कांद्याच्या सालीएवढी.
काटा आधी शून्यावरच राहिला,
मग विचार करून म्हणाला, बावन्न.

भांडुपच्या गच्चीवर परीक्षा घेतली.
ओलं पोतं, पोत्यावर तुकडा, तुकड्यावर कालचा पेपर,
पेपरावर मी, शिवलेला गुडघा टेकून,
घड्याळ लावून दहा दहा मिनिटं.
टाकी धुवायला आलेला पोरगा जिन्यातच थांबला.
काहीतरी व्रत असावं असं वाटून
त्यानं चपला काढल्या.
छत्रीच्या कापडातून राशिभविष्य भिजलं.
पांढऱ्यावर एक कोपरा.
फिल्मवर सगळं कोरडं, मेष ते मीन.

फिल्म घ्यायला परत गेले.
मुर्तझाभाई तंबूच्या मापावर वीतभर जास्त धरत होते,
ज्यादा अच्छा, बेन, ज्यादा अच्छा.
बाहेर हातगाडीवर पाय दुमडून खाशाबा चहा पीत होता.
कुणी न विचारता म्हणाला,
जास्त नको. चार बोटं आत कापा.
भाईर राहिलं तर वरचं पाणी झेलतंय
आन् आणून देतंय अंगाखाली.
तुम्हाला कसं ठाऊक?
त्यानं दुकानाच्या फळीखाली बोट दाखवलं:
सुतळीनं बांधलेली गुंडाळी,
कडा चारी बाजूंनी कातरलेल्या.
बावीस पावसाळे, म्हणाला, आणि बशी पालथी ठेवली.
फाटत नाही?
फाटतंय की. खडे आधी वेचायचे.
हातानं. डोळ्याला दिसत न्हाईत.

अंथरूण पाहून पाय पसरा, हे शाळेत घोकलं होतं.
अंथरूण कुठे कापायचं
ते कुणी शिकवलं नव्हतं.

काल रात्री गच्चीवर तंबू मांडला.
आधी हात फिरवला, अंधारात, सावकाश:
तीन खडे, सोड्याच्या बाटलीचं झाकण,
डांबरवाल्यांचा विसरलेला खिळा.
मग फिल्म, चार बोटं आत.
पाठीखाली दिवसभर तापलेली गच्ची अजून ऊन धरून होती,
मध्ये काहीच नसल्यासारखी.

प्रमिलाला कापलेल्या कडेचा फोटो पाठवला.
बाळ झोपल्यावर, दीड वाजता, तिचं उत्तर आलं:
एवढुसं? हे तर मीसुद्धा उचललं असतं.

कापून झाल्यावर सत्तेचाळीस भरलं होतं.
दोनाने भागून पाहिलं, उगीच.
साडेतेवीस.