परीक्षण, दुरुस्तीसह

वहीत लिहिलं होतं:
म्हातारी कुचकामी. चाल संथ,
लाथ आखूड, उडी तर नाहीच.
पाचपैकी दीड तारा.

भांडुपला, खिंडीपाड्यात,
गिरणीवरच्या पार्लरमध्ये
सुट्टे देणारी फिलोमिना म्हणाली, "एक डाव?"
आणि म्हातारीच घेतली.

मी चौदा बटणांचा कॉम्बो
बोटांत घोळवत पुढे सरलो.
म्हातारी नुसती उभी.
माझी लाथ फुकट गेली,
त्या निमिषभर उघड्या बरगडीत
तिनं एकच कोपर घातलं.
पुन्हा सरलो.
पुन्हा कोपर.

खाली गिरणी घरघरत होती,
जॉयस्टिकवर पिठाची साय.
फिलोमिना मोकळ्या डाव्या हातानं
एका पोराला वीसचे सुट्टे देत होती.
त्यानं मोजले. बरोबर.

रात्री दीड खोडला.
किती द्यावे, ठरेना.
लिहिलं: म्हातारीला घाई नाही.
मग माझ्या बरगडीबद्दल एक ओळ,
तीही खोडली.