साल कुठं टाकणार

बाबालाल तांबोळींच्या ज्यूसच्या गाड्यामागून
ऐवळेबाई रोज पोतं नेतात डाळिंबाच्या सालींचं.
"रंग करता काय त्याचा?"
"नाही, पाणी धुते."

कॉलेजच्या गच्चीवर साली वाळतात, तडकतात,
भट्टीत काळ्या होतात,
खलात त्यांचा आवाज बसतो.

कुपवाडच्या त्या विहिरीचं पाणी दिसायला नितळ.
शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडायचे.
चिमूटभर भुकटी, तासभर ढवळणं,
आणि यंत्रावर शिशाचा आकडा
खाली, अजून खाली,
जवळजवळ नाहीच.

संध्याकाळी बाई सांगायला गेल्या.
बाबालालनी ग्लास विसळता विसळता ऐकलं.
"म्हणजे विष सालीत गेलं."
"हो."
"मग साल कुठं टाकणार?"

बाईंनी पोतं लगेच उचललं नाही.
बोटावरचा डाळिंबाचा डाग
दुसऱ्या बोटानं घासत राहिल्या.