घाई नाही म्हणल्या होत्या

परभणीत मी तेहतीस वर्षं विजेचे मीटर वाचले.
दुपारच्या आत ऐंशी घरं,
खिशात बॅटरी, काखेत वही.
दार उघडणाऱ्याचं तोंड पाहिलं नाही कधी.
आकडा पाहिला, लिहिला, पुढचं दार.
तीच चाल घरी आली.
तू दुसरी भाकरी तव्यावरून काढीस्तोवर
माझा हात धुऊन झालेला असायचा.

रस्त्यानं मी पुढं, तू दहा पावलं मागं.
नानलपेठेतून, स्टेशनावरून,
तुझ्या भावाच्या वरातीतसुद्धा.
मागून आवाज यायचा,
"कुठं पळायलेत एवढं? गाव काय उठून जायलंय का?"
मी वळायचो नाही.
आवाज येतोय म्हणजे तू येतेयस,
एवढा हिशेब पुरायचा.

एकदा उरुसात आवाज आला नाही.
पाळण्यांपासून मिठाईच्या रांगेपर्यंत दोनदा हिंडलो,
भोंग्यावर नाव सांगायला गेलो
आणि "प्रयागबाई" म्हणताना जीभ अडखळली.
त्या नावानं तुला हाक मारलीच नव्हती मी.
तू बांगड्यांच्या पालात निवांत बसलेली,
हात पुढं करून,
कासारीण एकेक बांगडी दाबून चढवत होती.
मी ओरडलो.
तू म्हणालीस, "मी कुठं हरवले? तुमीच पुढं गेलात."

गेल्या आखाडात तू पुढं गेलीस.
पहिल्यांदाच.

तेराव्याच्या आत मी सगळं उरकलं.
गंगाखेडला जाऊन आलो, लुगडी बहिणीला, पितळी पोरीला,
रेशनकार्डावरचं नाव, बँकेतलं खातं.
लोक म्हणाले, धीराचा माणूस.
धीर कशाचा,
मला दुसरं काही येत नव्हतं.

पौषात लिंबाजीनं माझी सायकल आडवली,
बाभळीखालचा चप्पलवाला.
"बाईंच्या चपला पडून आहेत, साहेब."
अंगठा नवा बसवलेला, टाच शिवलेली.
सहा महिने सांगितलं का नाहीस, म्हणालो.
"रोज दिसता, पण हाक मारीस्तोवर गेलेले असता.
आन् त्या घाई नाही म्हणल्या होत्या."

वीस रुपये दिले. पिशवी नव्हती.
एका हातात चपला, एका हातात सायकल, चालत निघालो.
बाईमाणसाच्या चपला घेऊन पळणारा
चोर दिसतो, म्हणून हळू.
मग चपला उलट्या करून पाहिल्या, म्हणून आणखी हळू.
उजवीची टाच डावीपेक्षा जास्त झिजलेली.
तुझा उजवा पाय दुखत होता का?
किती वर्षं?
हा आकडा माझ्याकडं नाही.

आता चपला दाराशी असतात.
पाव्हणे विचारतात, कुणी आलंय का आत.
मी सायकल पोराला देऊन टाकली,
सकाळी विद्यापीठाच्या फाटकापर्यंत पायी जातो.
पासष्टीत चालायला शिकणं सोपं नाही.
पहिले काही दिवस मोजून थांबायचो,
दहा पावलं झाली की थांब.
मागचे वैतागून पुढं जायचे,
दूधवाल्यानं तर विचारलं, छातीत दुखतंय का काका.

थांबलं की दिसतं.
कुंपणापलीकडं करडई फुललीय,
काटे आधी, पिवळं नंतर.
ज्या घरांचे मीटर वाचले
त्यांना अंगणं होती.

त्यातल्या एका ओट्यावर हुसेनाबी बसलेली असते, लसूण सोलत.
मागच्या सोमवारी म्हणाली,
"तुमची बाई इथं टेकायची.
तुम्ही वळणापलीकडं गेले की.
पाणी प्यायची, पाय दाबायची, मग उठायची."
मला वाटायचं
तू सरळ माझ्या मागं चालत येतेयस.

तेव्हापासून मीही टेकतो तिथं.
ती तांब्या आणते. पाणी गार असतं,
मी थोडं थोडं पितो.
आज विचारलं, काय बोलायची ती तुमच्याशी?
हुसेनाबीनं लसणाचं सूप बाजूला सारलं.
"लई काय काय," म्हणाली.
"सांगते की. बसा तर."