शुद्धिपत्र

नुकूसच्या कृषी संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर
हीटर एकच, म्हणून खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून
आणि पडद्याकडे अर्धी पाठ.
निगोराबाई ताश्कंदहून आल्यात तीन दिवसांसाठी,
संशोधन-नियतकालिक कसं चालवावं ते शिकवायला
एकतीस वर्षं ते चालवणाऱ्या माणसाला.

आयनाझार आगा पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर.
लॅपटॉप माझ्याकडे,
म्हणजे मी सहसंपादक.

तुमची व्याप्ती एका वाक्यात लिहा.
आगांनी लिहिलं : खारी जमीन, आणि तिच्यात जे काही तग धरतं ते.
बाई म्हणाल्या, सुंदर. पण डेटाबेसला चालणार नाही.

परीक्षकाला लेखक कळता कामा नये, लेखकाला परीक्षक.
खोलीत हसू फुटलं.
आमच्याकडे मातीचे जाणकार नऊ,
त्यातले चार एकमेकांचे व्याही,
आणि कोण कुठे स्वल्पविराम देतो
ते आम्हाला चालीवरून माणूस ओळखावा तसं कळतं.
बाई हसल्या नाहीत. मग सीमेपलीकडे पाठवा, म्हणाल्या.
आगांनी वहीत टिपलं : सीमेपलीकडे. खाली दोन रेघा.

फॉर्मात रकाना होता :
एखादा अंक चुकला का? कारण द्या, दोनशे अक्षरांत.
सत्त्याण्णवचं काय लिहू?
"कागद नव्हता."
आणि अठ्ठ्याण्णव?
"कागद होता. छापणारा कझाकस्तानला गेला, पोटामागे."
पुष्कळ अक्षरं उरली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पडद्यावर दाखवलं
कोण कुणाचा दाखला देतं.
तुमचे चौदा, त्या म्हणाल्या. टाळ्या.
चीनमधून तीन, इराणातून एक, बाकीचे कुठले कुठले.
आगांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
मी एकेक उघडत गेले.
चौदाही जणांना हवं होतं एकच पान,
एकाच तक्त्यातला एकच आकडा :
सुकलेल्या समुद्रतळावर लावलेली साक्सौलची रोपं,
तिसऱ्या वर्षी जिवंत, शेकडा ७३.

आगांनी टोपी उलटी केली, सुलटी केली.
चहाच्या सुट्टीत, जिन्यात, म्हणाले, सदतीस.
काय सदतीस?
"सदतीस जगली होती. मी मोजली, गुडघ्यांवर रांगत.
कलबिके वहीत लिहीत होती, तिला सातवा महिना.
जुळाऱ्याने खिळे उलटे बसवले,
आणि मुद्रितं मी तपासली
थोरली जन्मली त्या रात्री, दवाखान्याच्या बाकावर."
कळलं कधी?
"तिला पाळण्यात घातलं त्या दिवशी.
म्हटलं, वाचतंय कोण."

तिसरा दिवस चुकांचा होता.
मागे घेणं वेगळं, दुरुस्त करणं वेगळं, बाई सांगत होत्या.
पुसायचं काहीच नाही.
चूक जागेवर राहू द्यायची, आणि तिच्या डोक्यावर
तारीख घालून लिहायचं, ही चूक आहे.
आगांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा.
याला मुदत असते?
नसते.
सहलेखिका वारली असेल तर?
संपादक सही करतो.
आणि संपादकच लेखक असेल तर?

बाईंनी स्लाइड मागे नेली, पुढे नेली.
हीटर टकटकत राहिला.

रात्री कार्यालयात मी टंकलं :
खंड २, अंक १, पान ४१, तक्ता ३.
७३ ऐवजी ३७ वाचावे.
कारण? मुद्रणदोष म्हणू?
"तेही लिही. आणि खाली लिही,
संपादकाला माहीत होतं."
मग त्यांनी मला चौदा पत्ते काढायला लावले.

सातव्या पत्राला चष्मा काढून म्हणाले,
तू त्या पट्ट्यात गेलीस का कधी?
गेले होते, शाळेतून.
आता किती आहेत झाडं?
मी कुठे मोजली.
"वसंतात मोजून ये," ते म्हणाले. "दोघांनी मोजायचं, वेगवेगळं.
आणि दुसरा
आपला व्याही नको."