उष्टी डबी

सोहारला आमचा कारखाना म्हणजे
टायरवाला आणि एसी दुरुस्तीवाला यांच्या मधला एक गाळा.
दोन स्टीलची पातेली, एक वजनकाटा,
आणि राया बलुशी,
मालकीण असून लेबलं स्वतः चिकटवते,
वाकडी.

आम्ही मलम करतो, डासांचं.
(डासांसाठी नव्हे, राया हसते माझ्या अरबीला,
डासांविरुद्धचं.)
शिया लोणी, खोबरेल, लिंबाच्या वासाची निलगिरी,
आणि शेवटी गवती चहाचं तेल.
ते ओतलं की टायरवाला दारातून डोकावतो:
चाय?

इथे मलेरिया नाही.
होता. रायाचे आजोबा सांगायचे,
खजुराच्या बागांत, फलजच्या पाण्याकाठी,
भर मे महिन्यात अख्खी वस्ती
गोधड्या पांघरून दात वाजवत बसायची.
आता ताप विमानानं येतो,
रजेवरून परतणाऱ्यांच्या रक्तात बसून.
आठ-दहा वर्षं इथल्या कोरड्या खोलीत काढली
की रक्त गावाला विसरतं,
आणि गावचा डास
पाहुणा समजून चावतो.

म्हणून हिशोब असा:
मस्कतच्या मॉलमध्ये एक डबी विकली गेली
की एक डबी कॅम्पवर, रजेला निघालेल्याच्या हातात, फुकट.

दिबाकर सबर. रायगडा जिल्हा, ओडिशा.
बंदरावर परांच्या बांधतो.
मी दोन डब्या दिल्या, त्यानं झाकण न काढताच वास घेतला,
म्हणाला, मॅडम, महागाची दिसते.
मला बरं वाटलं होतं. ते आठवतं.

चाळीस दिवसांनी परत आला.
अकराव्या रात्री खोलीतल्या सहा जणांनी
त्याच्यासाठी एसी बंद केला,
आपापल्या चादरी त्याच्यावर टाकल्या,
तरी पलंग हलत होता.

हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, कुठे गेला होतास?
मी विचारलं, लावलं होतंस?
तो भिंतीकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
जमुनानं ट्रंकेत ठेवल्यात. लग्नाच्या साडीच्या घडीत.
एवढं चांगलं रोज कोण लावतं, मॅडम?

आठ महिने लागले होते आम्हाला
ते एवढं चांगलं करायला.

मग बैठक. राया म्हणाली, वास काढून टाकू.
हिशोबनीस म्हणाला, डबी पत्र्याची करू, स्वस्त दिसेल.
शेवटी सात भाषांत छापलं: रोज लावा.
पुढच्या खेपेला गेलेले सांगत आले,
डबी देवापाशी आहे,
डबी पोरीच्या लग्नासाठी आहे,
डबी सासऱ्यांना दिली, त्यांनी कपाटात ठेवली.

नैवेद्य आधी चाखायचा नसतो,
हे मला चौथ्या वर्षापासून पाठ.
एक चाटण पोटात गेलं
की ताट देवाचं राहत नाही, आपलं होतं.
भर रात्री पातेलं घासताना
हेच उलटं फिरवून पाहिलं.

आता गुरुवारी संध्याकाळी
कॅम्पच्या फाटकात, विमानतळाची बस सुरू व्हायच्या आत,
मी प्रत्येकाला सील फोडायला लावते.
बोट घाल. माझ्यासमोर. खोल.
आत मलम असं गुळगुळीत, वर एक छोटं वळण,
भरताना मीच चमच्यानं काढलेलं.
लोक अडखळतात,
कुणाच्या अंगणातल्या ताज्या रांगोळीत
पाय पडावा तसे.
काहीजण करंगळी घालतात.
मी म्हणते, करंगळी नको, मधलं.

खड्डा पडतो. मनगटावर, मानेवर, घोट्यांवर.
झालं. उष्टी झाली.
आता ही कुणी ठेवणार नाही.

दिबाकर यंदा पुन्हा निघाला.
दोन बोटं घातली, न सांगता.
बसच्या पायरीवर होता तेव्हा मी विचारलं,
आणि ट्रंकेतल्या?

त्या असू द्या, मॅडम, तो म्हणाला,
साडीला कसर लागली नाही.