शून्याची नोंद

ऑक्टोबर सरत आला की आमच्या गावात
बोटी पालथ्या घालून किनाऱ्यावर निजवतात,
आणि म्हातारा तावेत्ती
टपाल कचेरीमागच्या बाकावर येऊन बसतो.
गुडघ्यावर वही, कानामागे पेन्सिल.

सदतीस वर्षं त्यानं जहाजं बंदरात आणली
खडकांमधून, धुक्यातून, घंटेच्या आवाजावर.
आता पाखरं मोजतो, तीही आवाजावरच,
कारण डोळ्यांत केव्हाचं दूध साकळलंय.
“डोळे गेले तर गेले,” म्हणतो, “कान शाबूत आहेत.”

आणि आहेतच.
चक् चक् चक्, कुणी हवेत कात्री चालवतं
तर तो लिहितो: थ्रश, राखी डोक्याचे, चाळीस, थांबले नाहीत.
यंदा रोवनला फळ नाही, कशाला थांबतील?
रोवन दोन ओझी वाहत नाही, असं इथली माणसं म्हणतात.
ज्या वर्षी फळं नाहीत, त्या वर्षी बर्फ.
कुंपणात टिक् झालं: रॉबिन, एक.
अक्षरं एकमेकांवर चढतात, वाचायची मलाच.

रात्री वारा ईशान्येचा होता.
आठ वाजले तरी उजाडलं नव्हतं
आणि मी सायकलला पिशव्या अडकवत होते
तेव्हा कळलं, ती आलीत.
जुनिपरच्या झुडपात, वाळत घातलेल्या जाळ्यांत,
पालथ्या बोटींच्या पोटांवर,
हिप्पियाइनेन. अंगठ्याएवढी.
माथ्यावर पिवळी रेघ, जणू कुणी घाईत गंध लावलं.
समोर अख्खं आखात, पलीकडे स्वीडन,
आणि वजन पाच ग्रॅम.
माझ्या तराजूवर एवढ्याला
सर्वांत स्वस्त तिकीटही जास्तच होतं.

सी-सी-सी. ओल्या काचेवर सुई ओढावी तसं.
सगळीकडून.

“हिप्पियाइनेन, शून्य,” तावेत्ती म्हणाला.
“तीनशे असायची. मग साठ. मग नऊ.
गेल्या वर्षी एक. जंगलं कापली ना त्यांनी.
संपली ती.”
त्याच्या बुटाच्या नाडीशी एक जण
कोळी टिपत होतं.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे.
माझ्या मुलीला वटवाघळं ऐकू येतात, मला नाही.
हे मला ठाऊक होतं,
तरी आधी लक्षात आलं नाही.

कचेरीच्या काचेवर एक आपटलं होतं.
पायरीवर पडलेलं, डोळे मिटलेले, पण गरम.
टोपीत घेऊन मी त्याच्याकडे गेले,
त्याचा हातमोजा ओढून काढला
आणि तळहातावर ठेवलं.
काही बोलले नाही. काय बोलणार होते?

बराच वेळ त्याचं बोट त्या पिसांवर फिरत राहिलं.
शेपूट. पंख. चोच, पेन्सिलीच्या टोकाहून बारीक.
मग पाखरानं डोळे उघडले
आणि ओरडलं, त्याच्या हातातच,
गळा थरथरला, बोटाला लागला असणार,
कारण त्यानं मान वर केली.

“बोलतंय का?”
“हो.”
“इतर?”
“सकाळपासून. गेल्या वर्षीही.”

बंदरात कुणीतरी इंजिन सुरू करून पाहत होतं.
तावेत्तीनं शून्य खोडलं नाही.
डाव्या हातानं वही माझ्याकडे सरकवली.
“किती?”

मी मोजायला लागले. ती एका जागी राहत नाहीत,
एकशे दहापर्यंत गेले, चुकले, पुन्हा सुरुवात.
त्या दिवशी टपाल दुपारी पोचलं
आणि ल्युकास बेकरीवाला अजून कुरकुरतो.

मोजताना मध्येच पाहिलं तर हात रिकामा.
तो मात्र तसाच बसलेला,
तळवा उघडा, बोटं किंचित वळवलेली,
वाऱ्याकडे पाठ करून.
गारठलेल्या हाताला
पाच ग्रॅम गेल्याचं कळत नाही.

मी लगेच सांगितलं नाही.
एकशे एकोणीस, म्हणाले. एकशे वीस.