लोखंडापाशी

डिसेंबरात किरुनामध्ये सूर्य उगवतच नाही.
सकाळी नऊला सगळे दिवे लावून
मी आठवीच्या मुलांना सांगतो
तारे कसे जळतात.
खिडकीबाहेर शाईसारखा उजेड,
त्यात खाणीचा डोंगर, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला.

ही शाळा जूनमध्ये पाडणार आहेत.
पोटातलं खनिज काढता काढता जमीन सरकू लागली,
म्हणून गावानेच बिऱ्हाड हलवायचं ठरलं, पूर्वेला.
चर्च तर अख्खं गेलं, चाकांवर बसून.
आमच्या वर्गाच्या भिंतीला एक चीर आहे.
मुलं दर सोमवारी पट्टी लावून तिची रुंदी लिहून ठेवतात.

फळ्यावर मी एका मोठ्या ताऱ्याचं वेळापत्रक मांडतो:
हायड्रोजन, सत्तर लाख वर्षं.
हेलियम, सात लाख.
कार्बन, सहाशे.
निऑन, एक वर्ष.
ऑक्सिजन, सहा महिने.
सिलिकॉन, एक दिवस.

"एकच?" आइलू विचारतो,
"म्हणजे आज पेटलं तर उद्या डब्याच्या सुट्टीत संपलं?"
साधारण तसंच.
एका चुलीची राख हेच पुढच्या चुलीचं सरपण,
आणि प्रत्येक सरपण आधीच्याहून घाईने जळतं.

मग लोखंड.
इथे मी थांबतो, बत्तीस वर्षं इथेच थांबत आलोय.
खिशातून खनिजाची गोळी काढतो,
गोटीएवढी, करडी, बोटांना काळं लावणारी,
आणि पहिल्या बाकावर देतो: फिरवा.
इथवर प्रत्येक जोडणीत ताऱ्याला काहीतरी मिळत होतं.
लोखंड लोखंडाला जोडायला जा,
पदरात काही पडत नाही,
उलट पदरचंच घालावं लागतं.
आतबट्ट्याचा व्यवहार.
आतून तोलून धरणारं काही उरत नाही
आणि गाभा कोसळतो,
एक शिंक यायला लागतो त्याहून कमी वेळात.

लोव्हिसाचा बाप तेराशे मीटर खाली रात्रपाळीला असतो.
गोळी तिच्यापाशी पोचलीय, तिथून पुढे सरकत नाही.
"मग ताऱ्याने लोखंड बनवायचंच कशाला?"

मी म्हणतो, तो ठरवत नाही. वजन ठरवतं.
वजन कधी सुट्टी घेत नाही.
बाकीचे हे लिहून घेतात.
ती घेत नाही.

रक्ताचं वाक्य मी नेहमी शेवटाला राखून ठेवतो,
तुमच्या रक्तातलं लोखंड वगैरे,
दर वर्षी त्या वाक्यावर वर्ग गप्प होतो.
पण होदान हात वर न करताच बोलून जाते,
"माझी आई लोखंडाच्या गोळ्या घेते,
म्हणते, शी काळी होते."
वर्ग फुटतो हसून.
मी म्हणतो, तेच ते, तेच लोखंड.
आणि माझं वाक्य खिशातच राहतं.

"रात्री दीडला खाणीत सुरुंग उडतात, माझी खाट हलते,"
आइलू म्हणतो, "तसं?"
उलटं. आधी आत, मग बाहेर.
मी बास्केटबॉलवर टेनिसचा चेंडू ठेवतो
आणि दोन्ही एकदम सोडतो.
मोठा जमिनीवर आपटून जागीच राहतो.
धाकटा उसळतो तो थेट छताला,
तिथून भिंतीवर, चिरेच्या अगदी शेजारी.
थोडा चुना गळतो.

कुणीच हसत नाही.
लोव्हिसा उठते, पट्टी घेते.
आज गुरुवार आहे, तरी कुणी तिला थांबवत नाही.
ती एक डोळा मिटून बघते, बराच वेळ.
"चार मिलिमीटर."
वाढली?
"सोमवारी तेवढीच होती."
तरी ती वहीत तारीख घालते,
आकडा लिहिते, खाली रेघ मारते.

घंटा होते. खुर्च्या, जाकिटं, बूट.
होदानने फळा पुसायला घेतला,
तिने खालून सुरुवात केली, सिलिकॉनपासून,
हायड्रोजनपर्यंत तिचा हात पोचला नाही.

गोळी परत आली नाही.
कुठल्याच वर्षी येत नाही.
मालगाडीच्या रुळांकडेला पुष्कळ सांडलेल्या असतात,
बर्फ वितळलं की जाऊन एक उचलायची.